गुरुवारचं पाणी

आजोबांची वही छापून येण्यात डेलवर्थ हाल्वरसनचे तीन फायदे होते, आणि तिन्ही त्याने सकाळी दूध काढताना, गाईच्या कुशीला कपाळ टेकवून, नीट मोजले होते. पहिला, गुरुवार कायमचा पक्का होणार. दुसरा, आजोबांचं नाव पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत येणार. तिसरा फायदा तो प्रार्थनेतसुद्धा पहिल्या दोनांच्या मागे दडवून ठेवी. वहीतलं गुरुवारचं पान गावच्या मंडळीचा प्रमुख, बिशप थेरॉन पिकेट, याला भर सभेत स्वतःच्या तोंडाने वाचावं लागणार होतं.

तोट्याच्या बाजूला त्याने काही मांडलं नाही. गाय लाथ मारायच्या बेतात आहे का, तेवढं पाहिलं.

हेलामन गावाला पाणी म्हणजे एक ओढा. डोंगराच्या घळीतून तो चार मैलांच्या पाटाने गावात येई आणि तासातासांनी वाटला जाई. कुणाची पाळी पाच तासांची, कुणाची साडेतीन. विधवा बायकांना पाऊण तास जास्त. गुरुवार मात्र वाटणीत नव्हता. गुरुवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत अख्खा ओढा हाल्वरसनांच्या अकरा एकरांत शिरे: लसूणघासात, जर्दाळूत, नासपतीत. पाटाच्या शेवटी पिकेटचं शेत होतं. दर गुरुवारी तिथलं बीट कान पाडून उभं राही, आणि बिशप थेरॉन पिकेट कुंपणापाशी येऊन क्षमाशीलतेचा सराव करी.

या गुरुवाराला आधार एकच. १८६१ च्या जूनमध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचे त्या वेळचे सर्वोच्च प्रमुख, म्हणजे संदेष्टे, दौऱ्यावर आले होते, आणि गाडीवर उभे राहून गावाशी बोलले होते. पाटाची रेघ डेलवर्थचा आजोबा रॅस्मस हाल्वरसन याने आखली होती, दुधाच्या परातीत पाणी भरून, परात जमिनीवर ठेवून, उतार बघत बघत. संदेष्टे म्हणाले, या माणसाला एक दिवस द्या. रॅस्मस गावचा पहिला कारकूनही होता. त्याने ते लिहून घेतलं.

तो सगळंच लिहून घेई. किती माणसं बसली, कोण उशिरा आलं, कुणाचं कुत्रं मध्ये भुंकलं. आजही हेलामनमध्ये कुणाला शपथ घ्यायची झाली तर तो म्हणतो, ‘रॅस्मसच्या वहीसारखं सांगतो.’ ती वही हाल्वरसनांच्या घरी गोधडीत गुंडाळून ठेवलेली असे, आणि तिची दोनच पानं कधी उघडली जात. एक्केचाळिसावं, गुरुवारचं. आणि ते उलटलं की लागणारं, घोड्याच्या पोटशुळावरच्या काढ्याचं.

१९४७ साली दोन गोष्टी एकदम आल्या. पूर्वजांच्या गाड्या या खोऱ्यात उतरल्याला शंभर वर्षं झाली, म्हणून चोवीस जुलैच्या सणाला गावाचा इतिहास छापायचा ठरला. आणि सरकारने सगळ्या ओढ्यांचे हक्क नव्याने नोंदवायला काढले. ऑगस्टअखेर कागद दाखवा, नाहीतर रांगेत उभे राहा. जिल्ह्याच्या गावच्या वकिलाने सांगितलं, “मंडळीच्या कारकुनाची वही आहे ना? बिशप आणि तुमचे विभाग-अध्यक्ष यांनी ती खरी नोंद म्हणून सही केली, की कोर्ट काही बोलणार नाही.”

पुस्तकात पान छापलं की त्याखाली दोघांच्या सह्याही येतील, म्हणून डेलवर्थने वही एथेलिन मॉसच्या हाती दिली. एथेलिन निवृत्त शिक्षिका. गावचं सगळं टंकलेखन तिच्याकडे. शब्द गाळणं तिच्या मते खोटेपणा होता आणि दुरुस्त करणं आगाऊपणा. तरीही डेलवर्थने सोबत चिठ्ठी जोडली: ‘पान ४१ पूर्ण छापावे. एकही शब्द गाळू नये.’ पिकेटला तो पन्नास वर्षं ओळखत होता.

तिसऱ्या दिवशी बिशप स्वतः बागेत आला. हातात टंकलेला कागद.

“डेलवर्थ, हे तू वाचलंयस?”

“पाठ आहे मला. ‘गुरुवारचे पाणी बंधू रॅस्मसला, जोवर पाणी उताराने वाहते तोवर—’”

“ते खालचं. वरचं वाचलंस का?”

“कशाच्या वरचं?”

“गुरुवारच्या वरचं.”

डेलवर्थ अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्याने गुरुवारच्या वरचं कधी वाचलं नव्हतं. त्याच्या वडिलांनीही नसावं. मूळ पानावर अंगठ्यांचे डाग होते ते सगळे खालच्या अर्ध्यात. त्याने चष्मा लावला. वर रॅस्मसने लिहिलं होतं, की संदेष्टे म्हणाले, एदेनच्या बागेत जो पहिला माणूस उतरला तो कुणी मातीचा माणूस नव्हता. आदम हाच आपला बाप, तोच आपला देव, आणि ज्याला हे पचत नाही त्याने हळूहळू चावून खावं.

डेलवर्थ फळांच्या खोक्यावर बसला.

असं काहीतरी जुन्या काळी शिकवलं गेलं होतं अशी कुजबुज सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली होती. पण मंडळीची शिकवण तशी नव्हती, आणि नाही हे सॉल्ट लेकच्या मुख्यालयातून कितीदा कळवण्यात आलं होतं. दक्षिणेच्या वाळवंटात जे लोक मंडळीबाहेर पडून अजून चार-चार बायका करत, ते मात्र हीच शिकवण छातीवर मिरवत आणि म्हणत, खरे आम्ही, तुम्ही विसरलात.

“संदेष्टे असं बोलले?”

“तुझे आजोबा म्हणतायत.”

“आजोबांनी कधी शब्द गाळला नाही.”

“हा गाळला असता तर बरं झालं असतं,” बिशप म्हणाला, आणि जाताना दोन जर्दाळू घेऊन गेला.

रविवारी उपासनेनंतर बिशपच्या खोलीत समिती बसली. पुस्तक तयार होतं. हे एकच पान अडलं होतं. विभाग-अध्यक्ष अ‍ॅमन रस्क मुद्दाम आले होते. एरवी त्यांचं फर्निचरचं दुकान होतं, मागच्या खोलीत शवपेट्या, त्यामुळे आवाज कायम हळू. डेलवर्थची बायको झायना महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून समितीवर होती. एथेलिन इतिवृत्त लिहायला.

“वरचा अर्धा भाग वगळू,” रस्क म्हणाले.

“चिठ्ठी आहे,” एथेलिन म्हणाली. “‘एकही शब्द गाळू नये.’ खाली ब्रदर हाल्वरसनची सही.”

“आणि फाटकं पान कोर्ट घेणार नाही,” डेलवर्थने नाइलाजाने भर घातली.

“मग तळटीप देऊ,” बिशप म्हणाला. “‘कारकुनाला त्या दिवशी ताप होता.’”

“आजोबांना जन्मात ताप आला नाही!”

“वरच्या अर्ध्या पानापुरता रे.”

“आणि खाली काय, उतरला?”

“तेच तर म्हणतोय,” बिशप शांतपणे म्हणाला आणि खिडकीतून आपल्या शेताकडे पाहू लागला. “ताप असा अर्ध्या पानात उतरत नसतो. होता तर पानभर होता.”

डेलवर्थच्या लक्षात आलं, की सापळा उघडा आहे आणि आत गुरुवार बांधलेला आहे. आजोबा चुकले म्हणावं तर गुरुवार गेला. आजोबा बरोबर म्हणावं तर संदेष्टे चुकले. आणि संदेष्टे चुकू शकत नाहीत, हे वडीलधाऱ्यांच्या रविवारच्या वर्गात सव्वीस वर्षं कोण शिकवत होतं? डेलवर्थच. त्याचं ठरलेलं वाक्य होतं: ‘संदेष्ट्यांचा शब्द म्हणजे बाजारातली फळं नव्हेत, की दाबून बघावीत आणि हवी ती उचलावीत.’

रस्क खाकरले. “बंधूंनो, संदेष्टा दर वेळी संदेष्टा म्हणून बोलत नसतो. कधी साधा माणूस म्हणूनही बोलतो. हे तर आपल्यात पहिल्यापासून मान्य आहे.”

“एकाच गाडीवर उभं राहून?” झायनाने विचारलं. “आदमाला एक टोपी आणि पाण्याला दुसरी? टोपी बदलली कधी ते खाली बसलेल्यांना कसं कळायचं?”

“आणि उलटंही असेल की,” बिशप म्हणाला. “वरचं संदेष्टा म्हणून, खालचं माणूस म्हणून. गुरुवार हे मत म्हणून मला पटतं. चांगलं मत आहे. मतच आहे.”

“थेरॉन, तू बीट लाव आणि गप्प बस.”

“बीट लावलंय. पाणी नाही.”

रस्कनी दोन्ही हात वर केले. मढं घरात असताना नातेवाईक भांडू लागले की करत, तसे. डेलवर्थ कागदाकडे बघत राहिला. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच तो ते पान शब्द न् शब्द वाचत होता, आणि बुडत्या माणसाला काडी सापडावी तशी त्याला बरोबर मधोमध एक ओळ सापडली.

“इथे बघा,” तो म्हणाला. “‘येथे संदेष्टे थांबले व पाणी प्यायले. पेला माझ्या पत्नीचा.’”

“बरं मग?”

“जूनचा महिना. सकाळपासून उन्हात उभे. घसा कोरडा, डोकं तापलेलं. अशा वेळी माणूस काहीबाही बोलून जातो. पाणी पोटात गेलं, हुशारी आली, आणि मग—” त्याने खालच्या अर्ध्यावर बोट ठेवलं. “मग ते संदेष्टा म्हणून बोलले.”

नवरा दुसऱ्याचाच कोट घालून घरी यावा, तशी झायना त्याच्याकडे बघत राहिली. “दाबून बघितलंस तर,” ती म्हणाली. “पिकलंय का?”

त्याने कागद रस्कपुढे सरकवला.

रस्कना मात्र तोडगा आवडला. त्यात संदेष्टे वाचत होते, कारकून वाचत होता, आणि वाळवंटातल्या लोकांना मिरवायला काही उरत नव्हतं. बिशपचं बीट वाचत नव्हतं, पण त्याला धर्मशास्त्रात जागा नव्हती. तळटीप तिथेच तयार झाली: पाणी पिण्याआधीचं बोलणं हे थकलेल्या माणसाचं वैयक्तिक मत, पाणी प्यायल्यानंतरचं संदेष्ट्याच्या अधिकाराने बोललेलं.

“‘सर्व’ घाला,” डेलवर्थ म्हणाला. पिकेट पुढे फाटे फोडेल याची त्याला खात्री होती. “‘पाणी प्यायल्यानंतरचे सर्व, अगदी शेवटपर्यंत.’ आणि ‘हाल्वरसन घराण्यावर व गावावर सदैव बंधनकारक’ हेही.”

एथेलिनने घातलं. चौघांनी सह्या केल्या. बिशपने सगळ्यांत शेवटी, पेन दोनदा झटकून.

मंगळवारी झायना जर्दाळू बरण्यांत भरत होती. चुलीवर मोठं पातेलं उकळत होतं, काचांवर वाफ धरली होती, आणि डेलवर्थ टेबलाशी बसून बिया काढत होता. एथेलिन वही काखेत घेऊन आत आली.

“ब्रदर हाल्वरसन, एक्केचाळीस नंतर चव्वेचाळीस कसं?”

“काय चव्वेचाळीस?”

“पान. तुमच्या आजोबांनी प्रत्येक पानावर आकडा घातलाय. एक्केचाळीस उलटलं की चव्वेचाळीस. घोड्याचा काढा. हा कागद दोन कागदांइतका जाड आहे.” तिने तो चिमटीत धरून दाखवला. “आणि गुरुवारचं वाक्य खाली पुरं होत नाही. ‘सर्व, अगदी शेवटपर्यंत’ असं मी टंकलंय. शेवट मिळाल्याशिवाय मी पुढे जाणार कशी?”

कुणाची परवानगी घ्यावी असं तिला वाटलं नाही. ती वही घेऊन पातेल्यापाशी उभी राहिली आणि ते जाड पान वाफेवर धरलं. पिठाच्या खळीने चिकटवलेले दोन कागद कडेकडेने सुटत गेले, दुधावरची साय सुटावी तसे. आत बेचाळीस आणि त्रेचाळीस होती. त्रेचाळीस कोरं होतं. बेचाळिसावर तेच ठसठशीत अक्षर.

एथेलिनने वर्गात वाचावं तसं स्पष्ट वाचलं. “‘आणि या बदल्यात बंधू रॅस्मस व त्यांच्यामागे त्यांच्या घरच्यांनी दर वसंतात, पेरणीआधी, घळीच्या तोंडापासून खालच्या कुरणापर्यंत पाटातला सगळा गाळ काढावा. कुणाचीही मदत मागू नये. ज्या वर्षी हे होणार नाही त्या वर्षीपासून गुरुवार खालच्या बंधूंचा.’”

पातेलं खदखदत होतं.

आजोबांनी एकही शब्द गाळला नव्हता. चिकटवला होता फक्त. आणि पाटाचा गाळ शहाऐंशी वर्षं सगळ्या गावाने मिळून काढला होता, घरटी एक माणूस. हाल्वरसनांकडून बहुतेक पाठदुखी येई.

झायनाने बरणीचं झाकण घट्ट केलं. “पीठ त्या खालच्या डब्यात आहे,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

“मी लिहिलेलं टंकते,” एथेलिन म्हणाली.

“तुला कुठे काय म्हटलं मी? पीठ कुठे आहे ते सांगितलं.”

डेलवर्थने डब्याकडे पाहिलं. उठून चार पावलं गेलं की काम होतं. आजोबांनी नेमकी हीच चार पावलं टाकली असणार, बहुधा याच स्वयंपाकघरात. तो बसून राहिला. त्याची कारणं दोन होती: सदसद्‌विवेक आणि एथेलिन. कुणाचा वाटा किती, हा हिशोब त्याने तेव्हा केला नाही आणि पुढेही कधी केला नाही.

मात्र एथेलिन निघताना त्याने विचारलं, “त्या पानावर... त्यांना पुन्हा तहान लागल्याचं काही आहे का गं?”

तिने बोट फिरवलं. “आहे. शेवटून दुसरी ओळ. ‘पाणी पुढे केले. नको म्हणाले.’”

बिशपच्या खोलीत पान वाचलं गेलं, तेव्हा पिकेट हसला नाही. हसला असता तर डेलवर्थला सोपं गेलं असतं.

“नियमाने बघायला गेलं, तर गुरुवार १८६२ सालीच आमचा झाला,” बिशप म्हणाला. “पण मागचे शहाऐंशी वसंत आम्ही धरत नाही, ब्रदर. माझ्या आजोबांनी तुमचा गाळ काढला, वडिलांनी काढला, मी काढला. ते सोडून दिलं. इथून पुढे मोजू.”

“उदार आहात, बिशप,” रस्क हळूच म्हणाले.

“डेलवर्थ, तुला चालेल ना? नाहीतर तळटीप बदलू. ताप होता म्हणू.”

ताप म्हटला की गुरुवार गेला. “चालेल,” डेलवर्थ म्हणाला.

चोवीस जुलैला मिरवणूक झाली, बँड वाजला, आणि बिशप पिकेटने ते पान भर सभेत स्वतःच्या तोंडाने वाचलं. आदमासकट, पाण्याच्या पेल्यासकट, तळटिपेसकट, आणि मागचं पानही. घाई न करता. डेलवर्थचा तिसरा फायदा असा पदरात पडला. सभा संपल्यावर आदमाबद्दल त्याला एकानेही विचारलं नाही. पाटाबद्दल अकरा जणांनी विचारलं. त्यातल्या तिघांनी फावडं देऊ केलं आणि लगेच म्हणाले, “अरे हो, मदत चालत नाही नाही का!”

ऑगस्टमध्ये कोर्टाने गुरुवार नोंदवून घेतला. ऑक्टोबरात सॉल्ट लेकच्या परिषदेची भाषणं रेडिओवर लागली, तेव्हा डेलवर्थ नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून बसला. हल्लीचे संदेष्टे बोलत होते. मध्येच ते थांबले. डेलवर्थने कान रेडिओच्या जाळीला लावला.

“काय ऐकतोयस?” झायनाने विणकामातून विचारलं.

“काही नाही.”

“प्यायले का?”

“खरखर आहे. कळत नाही.”

वर्ग त्याने सोडला नाही. फळांच्या बाजाराचं वाक्य मात्र सोडलं. आणि ‘संदेष्टे आपल्याला कधीच चुकीच्या वाटेला नेणार नाहीत’ अशी साक्ष देताना ‘कधीच’च्या आधी तो एक आवंढा गिळू लागला. लोकांना वाटलं, भरून येत असेल.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. पाट चार मैलांचा, गाळ गुडघाभर, घळीपाशी दगडगोटे. डेलवर्थची दोन्ही मुलं कॅलिफोर्नियात. त्यांनी पत्रातून प्रार्थना कळवली. गावकरी ट्रकमधून जाताना टोपी उचलत आणि तशीच डोक्यावर ठेवून पुढे जात. पहिल्या दिवशी त्याने दोनशे पावलांपुरता गाळ काढला आणि पाटाच्या काठावर उताणा पडला. दुसऱ्या दिवशी पलीकडून फावड्याचा आवाज आला. झायना होती, त्याचे जुने बूट घालून.

“मदत मागायची नाही असं लिहिलंय,” तो म्हणाला.

“तू कुठे मागितलीस?” ती म्हणाली. “शहाऐंशी वर्षांत घरात कुणी कधी काही मागितलं नाही. सरक.”

तेवीस दिवस लागले. पहिल्या गुरुवारी पाणी आलं ते इतकं स्वच्छ आणि जोरात, की अकरा एकर दुपारीच भिजून झाले आणि उरलेलं पाणी डेलवर्थला पाटाची दारं मोडून खाली सोडावं लागलं. खाली बीट होतं. बिशप कुंपणापाशी उभा होता. त्याने हात हलवला.

तेव्हा एकंदर हिशोब असा झाला. संदेष्ट्यांना अर्ध्या पानाचा फटका बसला, पण ते तेव्हा थकलेले होते. आदम होता तिथेच राहिला. रॅस्मसचं नाव सोनेरी अक्षरांत आलं आणि गावातली ती म्हण बंद पडली. रस्कना काही तोशीस पडली नाही. बिशपला गुरुवार दुपारनंतरचं पाणी फुकट मिळालं आणि क्षमाशीलतेचं नावही. एथेलिनच्या टंकयंत्राच्या दोन फिती गेल्या. डेलवर्थला गुरुवार मिळाला, कंबर गेली, आणि ‘कधीच’ या शब्दावरचा हात थोडा सैल झाला. चार मैलांपैकी त्याने अडीच मैल काढले. उरलेले दीड मैल झायनाने काढले, आणि तिचं नाव ना एक्केचाळिसाव्या पानावर होतं, ना बेचाळिसाव्या.